काय, कशामुळे, कशावरून? : परिचर्या निदानाची ओळख

(सेवाकार्याच्या वार्षिक मेळाव्यात आपल्या दवाखान्यातील परिचर्या-शिक्षिका भगिनींनी केलेले भाषण. ज्यांना मेळाव्यास येता आले नाही अशा वाचकांसाठी येथे देत आहोत.)





कार्यक्रमपत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय "परिचर्या निदानाचे प्रकार व घटक" असा छापला आहे. तो वाचून काहींच्या मनात आले असेल की, हे तर नर्सिंगच्या मुलींना वर्गात शिकवायचे, आम्हाला त्याचे काय? ते तुम्हालाही का सांगावेसे वाटले, ते आधी सांगते. तुम्ही पाठवलेली देणगी सातपुड्यात आमच्यापर्यंत पोचते, तेव्हा तिचे कुठे घोंगडे होते, कुठे शेंगदाण्याचा कूट, तर कुठे जीपचे भाडे. कोणासाठी काय करायचे, हे बहुतेक वेळा रुग्णाच्या कागदावर सिस्टरने लिहिलेल्या एका वाक्यावर ठरते. त्या वाक्यालाच परिचर्या निदान म्हणतात. ते नीट लिहिले तर तुमचा पैसा आणि आमचे कष्ट सार्थकी लागतात. चुकीचे लिहिले तर दोन्ही वाया जातात, आणि माणूस तसाच घरी परततो.

डॉक्टरांचे निदान आणि सिस्टरचे निदान

निदान म्हटले की आपल्याला डॉक्टर आठवतात. ताप, खोकला, धाप पाहून, छाती तपासून ते सांगतात, न्यूमोनिया आहे. हे आजाराचे निदान झाले. त्यावरून औषध ठरते. आजार बरा होईपर्यंत ते नाव सहसा तेच राहते.

पण त्याच खाटेवरच्या बाळाकडे सिस्टर पाहते, तेव्हा तिला आणखी काही दिसते. कफ घट्ट झाल्यामुळे बाळाला तो बाहेर टाकता येत नाही. धाप लागल्यामुळे ते दूध ओढत नाही. आई दोन रात्री झोपलेली नाही आणि आपल्याशी कोणी काय बोलते आहे, हे तिला समजत नाही, कारण तिची भाषा पावरी आहे. यातले काहीही "न्यूमोनिया" या एका शब्दात मावत नाही. तरी सिस्टरला रात्रभर काम करायचे आहे ते याच गोष्टींवर. आजारपणात किंवा आयुष्यातल्या एखाद्या अवघड वळणावर माणसाची, त्याच्या कुटुंबाची किंवा अख्ख्या वस्तीची जी अवस्था होते, ती ओळखून तिला नाव देणे म्हणजे परिचर्या निदान. ते सकाळी एक असेल, तर संध्याकाळी बदललेले असेल. कफ सुटला की पहिली ओळ खोडायची आणि पुढची हाती घ्यायची.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात जखमी सैनिकांची सेवा केली, तेव्हापासून नीट पाहणे आणि टिपून ठेवणे हे परिचर्येचे अंग मानले गेले. परंतु परिचारिका जे पाहतात त्याला ठरलेली नावे असावीत, हा विचार बराच उशिरा आला. डॉक्टरांच्या आजारांना नावे होती, याद्या होत्या. सिस्टरचे काम मात्र "पेशंटची काळजी घेतली" एवढ्यातच आटोपायचे. १९७३ साली अमेरिकेत सेंट लुईस या शहरात क्रिस्टीन गेबी आणि मेरी अॅन लाविन या दोन परिचारिकांच्या पुढाकाराने पहिली परिषद भरली आणि अशा निदानांची यादी करण्यास सुरुवात झाली. त्यातून १९८२ साली 'नांदा' ही संस्था उभी राहिली. २००२ पासून ती 'नांदा इंटरनॅशनल' या नावाने ओळखली जाते. आज तिच्या यादीत अडीचशेहून अधिक निदाने आहेत आणि आपल्या देशातही नर्सिंगच्या मुली ती शिकतात.

परिचर्येच्या पाच पायऱ्या आहेत. आधी रुग्णाची सगळी माहिती घ्यायची, मग निदान करायचे, मग बेत आखायचा, मग तो अमलात आणायचा आणि शेवटी काय फरक पडला ते तपासायचे. निदान ही दुसरी पायरी. ती वाकडी पडली की पुढच्या तिन्ही वाकड्या पडतात.

तीन प्रश्न

माझ्या वर्गात येणाऱ्या मुलींपैकी अनेकजणी पाड्यांवरच्या आहेत. पुस्तकातले मोठे शब्द आधी बाजूला ठेवून मी त्यांना तीन प्रश्न पाठ करायला लावते : काय? कशामुळे? कशावरून?

काय बिघडले आहे? हे निदानाचे नाव. त्या नावाला ठरलेली व्याख्या असते, म्हणजे धडगावच्या सिस्टरने लिहिलेले नाशिकच्या सिस्टरला त्याच अर्थाने कळते. नावाला बहुधा एक विशेषण जोडलेले असते : अपुरे, बिघडलेले, तीव्र, दीर्घकाळचे. नुसते "पोषण" लिहून काही कळत नाही. "गरजेपेक्षा कमी पोषण" लिहिले की कळते.

कशामुळे बिघडले? ही संबंधित कारणे. बेत ठरतो तो इथेच.

कशावरून म्हणतेस? हा पुरावा. डोळ्यांनी दिसलेले, हातांनी मोजलेले, रुग्णाने स्वतः सांगितलेले. "मला वाटले" हा पुरावा होत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. हे कोणा एका घरचे नाही. अशी बाळे आमच्याकडे दर पावसाळ्यात येतात. चौदा महिन्यांची मुलगी आहे. वजन ६.४ किलो. दंडाचा घेर ११.२ सेंटीमीटर. सहा महिने ते पाच वर्षे या वयात दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला की बाळ तीव्र कुपोषित समजतात. मांड्यांची कातडी सैल पडली आहे आणि दोन घास खाल्ले की बाळ थकून झोपते. "काय" आणि "कशावरून" यांची उत्तरे मिळाली : पोषण गरजेपेक्षा कमी आहे, हे दंडाच्या घेरावरून, वजनावरून आणि खाता खाता थकण्यावरून कळते.

मधली जागा राहिली. कशामुळे?

घाईत असलेली मुलगी इथे लिहून टाकते, "आईच्या अज्ञानामुळे". हे वाक्य लिहायला सोपे आहे, आणि एकदा लिहिले की बेतही आपोआप ठरतो : आईला समोर बसवायचे, तक्ता उलगडायचा आणि सकस आहारावर भाषण द्यायचे. आई मान हलवते. आठ दिवसांनी घरी जाते. महिन्याने बाळ परत येते, आधीपेक्षा हलके होऊन.

दुसरी मुलगी खाटेशेजारी बसते आणि विचारते, "बाई, सकाळी उठल्यापासून सांग. बाळाला कोण भरवतं?" तेव्हा हळूहळू कळते की आई पहाटे शेतावर निघते ती अंधार पडल्यावर परतते. दिवसभर बाळ सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर असते. तिला भरवता येते ती पातळ पेज, तीही दिवसातून दोनदा. मध्ये हगवण लागली तेव्हा शेजारणीने सांगितले, खायला देऊ नका, म्हणून चार दिवस तेही बंद होते. आता लिहा : "पोषण गरजेपेक्षा कमी. कशामुळे? दिवसा बाळाला सात वर्षांची बहीण सांभाळते, पातळ पेज दिवसातून दोनदाच मिळते आणि हगवणीत अन्न बंद ठेवले होते."

बेत किती बदलला पाहा. आता भरवायला शिकवायचे ते आईबरोबर बहिणीलाही. पेज घट्ट कशी करायची, तिच्यात शेंगदाण्याचा कूट आणि चमचाभर तेल कसे घालायचे, हे चुलीपाशी बसून दाखवायचे. दुपारी घरी असणाऱ्या आजीला बोलवायचे. हगवण लागली तरी खाऊ घालायचे आणि मीठ-साखरेचे पाणी पाजत राहायचे, हे शेजारणीसकट सगळ्यांना सांगायचे. अंगणवाडीतून घरी मिळणारा आहार कोणी आणायचा ते ठरवायचे. वजनाची तारीख बाजाराच्या दिवशी ठेवायची, कारण त्या दिवशी आईला तसेही खाली यावेच लागते.

बाळ तेच, आजार तोच, वॉर्डही तोच. फरक पडला तो "कशामुळे" या प्रश्नाच्या उत्तरात.

निदानाचे चार प्रकार

आत्ता सांगितले ते पहिल्या प्रकारचे, म्हणजे प्रत्यक्ष समस्येचे निदान. समस्या समोर हजर आहे, म्हणून त्यात काय, कशामुळे आणि कशावरून हे तिन्ही भाग लिहितात.

याच प्रकारातले एक दुखणे आमच्याकडे नेहमीचे आहे, ते म्हणजे सिकलसेलचे. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भातल्या इतर पट्ट्यांत हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो. गोल असणाऱ्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्या भागाला रक्त पोचेनासे झाले की जीवघेण्या कळा येतात. पोरगा बाहेरून धडधाकट दिसतो. सूज नाही, जखम नाही. म्हणून कोणी म्हणते, नाटक करतो आहे. परिचर्या निदानाचा नियम मात्र स्पष्ट आहे. वेदनेचा सर्वात मोठा पुरावा म्हणजे सहन करणाऱ्याचे सांगणे. शून्य ते दहा या मापात तो आठ म्हणाला तर कागदावर आठच लिहायचे. लहान मुलाला आकडे कळत नसतील तर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांची चित्रे दाखवायची, म्हणजे ते बोट ठेवते. "तीव्र वेदना, रक्तवाहिन्यांत पेशी अडकल्यामुळे, रुग्ण दहापैकी आठ सांगतो आणि पाय पोटाशी घेऊन पडतो यावरून." असे लिहिलेले असले की रात्रपाळीच्या सिस्टरला नव्याने शंका घेण्याची गरज उरत नाही. ती डॉक्टरांनी लिहिलेले औषध वेळेवर देते, पाणी भरपूर पाजते, अंगावर ऊबदार पांघरूण घालते आणि तासाभराने पुन्हा आकडा विचारते.

दुसरा प्रकार धोक्याच्या निदानाचा. इथे समस्या अजून घडलेली नाही, पण घडेल अशी चिन्हे दिसत आहेत. म्हणून यात "कशावरून" या प्रश्नाला लक्षणे सापडत नाहीत. त्यांच्या जागी जोखमीचे घटक लिहितात. पौष महिन्यात, बाहेर दव पडत असताना, १.९ किलोचे बाळ जन्मले. त्याच्या अंगावर चरबी नाही, अंग ओले आहे आणि खोलीला खालून वारा लागतो. तळपाय अजून गरम आहेत. ते गार पडण्याची वाट पाहायची का? नाही. "शरीराचे तापमान घसरण्याचा धोका" असे आत्ताच लिहायचे, बाळ कोरडे करायचे, टोपडे घालायचे आणि आईच्या उघड्या छातीशी लावून दोघांवर घोंगडे पांघरायचे. यालाच कांगारू पद्धत म्हणतात. याला यंत्र लागत नाही, वीजही लागत नाही. मागच्या हिवाळ्यात तुम्ही पाठवलेली घोंगडी कुठे गेली, असे कोणी विचारले तर हे त्याचे उत्तर.

धोक्याच्या निदानाची एक अडचण तुमच्यासारख्या मदत करणाऱ्यांनी जाणून घ्यावी अशी आहे. ते यशस्वी झाले की दाखवायला काहीच उरत नाही. बाळ गार पडलेच नाही, याचा फोटो कसा काढणार? अहवालात "वाचवले" असे लिहिण्यासारखे काही नसते. पण चांगल्या परिचर्येचा मोठा भाग अशा न घडलेल्या गोष्टींचा असतो.

तिसरा प्रकार आरोग्यवर्धनाच्या निदानाचा. ज्यांना आमच्या लोकांची फक्त दया येते त्यांनी हा मुद्दाम ध्यानात ठेवावा. यात समस्या लिहायचीच नसते. माणसाला अधिक बरे जगायचे आहे आणि तो तसे स्वतः सांगतो आहे, ही गोष्ट टिपायची असते. तपासणीत एखादा तरुण सिकलसेलचा वाहक निघतो. त्याला स्वतःला त्रास नाही. तो विचारतो, "सिस्टर, लग्न ठरायचं आहे. पोरीचीही तपासणी करायला सांगू का?" दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के असते, हे त्याला कळायला हवे, आणि ते विचारायला तो आपल्या पायांनी आला आहे. लिहायचे, "आरोग्याची जबाबदारी अधिक चांगली घेण्याची तयारी, तो स्वतः विचारतो यावरून." केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या सिकलसेल तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीने कार्ड हाती येते. त्या कार्डाचा अर्थ त्या तरुणाला त्याच्या बोलीत, न घाबरवता आणि न लाजवता समजावून सांगणे हे सिस्टरचे काम आहे.

चौथा प्रकार लक्षणसमूहाचा. काही निदाने सुटी येत नाहीत. दोन किंवा अधिक एकमेकांना धरून येतात आणि त्यांच्यावर उपायही एकत्रच करावा लागतो. दिवाळी झाली की आमच्या भागातली कितीतरी माणसे ऊसतोडीला आणि गुजरातेत मजुरीला जातात. पाड्यावर म्हातारी माणसे उरतात. एखादी आजी चालताना भिंत धरते, चूल पेटवायचा कंटाळा म्हणून एकदाच खाते, वजन उतरले आहे, बोलायला कोणी नाही म्हणून बोलणेही कमी झाले आहे. चालणे, खाणे, एकटेपणा यांचे तीन वेगळे कागद करून तीन वेगळे उपाय करत बसले तर आजीला काही लाभ होत नाही. हा वृद्धपणातल्या दुर्बलतेचा लक्षणसमूह आहे. अशा वेळी शेजारच्या घरी दोन वेळचे जेवण एकत्र ठरवून दिले, तर आजी खाते, त्यासाठी चार पावले चालते आणि चार शब्दही बोलते.

दोष देणारे शब्द

आता ज्या गोष्टीसाठी मी आज इथे उभी आहे, ती सांगते.

नांदाच्या यादीत पूर्वी एक निदान होते. त्याचा सरळ अर्थ "रुग्ण सांगितलेले ऐकत नाही" असा होता. कितीतरी वर्षे ते यादीत राहिले. २०१८ ते २०२० या काळासाठीच्या आवृत्तीतून ते काढून टाकण्यात आले. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. "ऐकत नाही" असे लिहिले की सारा दोष खाटेवरच्या माणसाकडे जातो आणि सिस्टरपाशी करण्यासारखे काही उरत नाही. फार तर रागावता येते.

क्षयाच्या रुग्णाचे उदाहरण घ्या. साध्या क्षयाचे औषध सहा महिने घ्यावे लागते. एक बाई तीन महिने नियमित गोळ्या घेते आणि मग येणेच बंद करते. कागदावर शेरा पडतो, "औषध सोडले, ऐकत नाही." पण तारीख पाहिली का? गोळ्या थांबल्या त्या दिवाळीनंतर. घरचे सगळे ऊसतोडीला गेले, तीही गेली. तिथला दवाखाना तिला ठाऊक नाही आणि जवळ कागदही नाही. "कशामुळे" या जागी "हंगामी स्थलांतरामुळे उपचाराचे ठिकाण तुटले" असे लिहिले की उपाय दिसू लागतो. पुढच्या वर्षी दसऱ्यालाच अशा सर्व रुग्णांना विचारायचे, कुठे जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर, होळीला परतणार का. सरकारच्या 'नि-क्षय' या संगणक नोंदीत रुग्ण दुसऱ्या ठिकाणी वर्ग करता येतो. तसा तो करून घ्यायचा आणि उपचाराचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्या हाती द्यायचा.

तसाच दुसरा शब्द "अंधश्रद्धा". रुग्ण उशिरा आला, आधी भगताकडे गेला होता, असे कळले की हा शब्द लगेच वापरला जातो. विचारून पाहिले तर पुष्कळदा कळते की भगत पाड्यावर होता आणि जीप फक्त बाजाराच्या दिवशी होती. रात्री रुग्णाला बांबूच्या झोळीतून चार माणसांनी डोंगर उतरवायचा, तर चार माणसे तरी गावात हवीत ना? मी भगताची बाजू घेत नाही. साप चावल्यावर मंत्र म्हणत घालवलेला प्रत्येक क्षण जीवावर बेततो, हे मी मुलींना रोज शिकवते. पण उशिराचे कारण वाहन असेल तर वाहनावर उपाय करावा लागेल, श्रद्धेवर भाषण देऊन तो होणार नाही. आणि भगताशी बोलणे ठेवले, तर "साप चावलेला आधी खाली पाठव" एवढे तोही ऐकतो, असाही अनुभव येतो.

आणि तिसरे, सर्वांत जपून वापरायचे कारण, "आदिवासी असल्यामुळे". मित्रहो, आदिवासी असणे हे कोणत्याही दुखण्याचे कारण नाही. ज्या आवृत्तीचा उल्लेख केला तिच्यातच निदानाच्या घटकांत एक उपयुक्त विभागणी आली. काही गट असे असतात की त्यांना धोका अधिक असतो : फार लहान, फार म्हातारे, फार गरीब. काही आजार आणि शारीरिक अवस्था अशा असतात की त्यांच्याबरोबर ती समस्या येते. या दोन्ही गोष्टींची नोंद करायची, परंतु त्या वेगळ्या रकान्यात. "कशामुळे" याखाली येते ते ज्यावर सिस्टरला काही करता येईल असे. जन्म बदलता येत नाही. भरवण्याची वेळ बदलता येते, पेजेचा घट्टपणा बदलता येतो, दवाखान्यातली बोली बदलता येते.

याच कारणासाठी मुली डॉक्टरांचा आजारही या जागी नुसता उचलून ठेवत नाहीत. "न्यूमोनियामुळे" असे लिहिले तर न्यूमोनियावर औषध डॉक्टर देतीलच, पण सिस्टरने काय करावे? "कफ घट्ट असल्यामुळे आणि खोकण्याची ताकद नसल्यामुळे" असे लिहिले की बाळाला उभे धरायचे, थोडे थोडे पाजायचे, कूस बदलायची, हे तिला सुचते. आणि निदाने चार झाली तर आधी कोणते, तेही ठरलेले आहे. आधी श्वास, मग रक्ताभिसरण, मग बाकी सारे. जीव वाचवणारी ओळ पहिली.

आपल्याकडून काय हवे

शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परिचारिका म्हणून मी तो वाचते तेव्हा मला एक गोष्ट जाणवते. त्या जखमी माणसाला, तू एकट्याने या वाटेने आलासच का, असे तो विचारत नाही. तो जवळ जातो, जखम पाहतो, ती बांधतो आणि उद्याच्या खर्चाचीही सोय करून मग पुढे निघतो. आधी जवळ जाऊन पाहणे आणि शेवटी उद्याची सोय करणे, हे दोन्ही आजच्या परिचर्येच्या पाच पायऱ्यांत आहे.

आपल्याकडे माझ्या तीन विनंत्या आहेत.

पहिली. वर्षातून एकदा आपल्यापैकी काहीजण दवाखाना पाहायला येतात. तेव्हा "यंदा किती पेशंट झाले?" हे जरूर विचारा. पण त्याबरोबर एखादी खाट दाखवून, "हे कशामुळे?" असेही विचारा. सिस्टरचे उत्तर ऐका. उत्तरात त्या घरची सकाळ आणि संध्याकाळ असेल, तर समजा की काम नीट चालले आहे. उत्तरात नुसते "अज्ञान" असेल, तर आम्हाला आणखी शिकवण्याची गरज आहे, असे समजा.

दुसरी. पाड्यांवरच्या ज्या मुली नर्सिंग शिकू पाहतात, त्यांच्या फीला हातभार लावा. भिली, पावरी बोलणारी सिस्टर खाटेशेजारी बसली की आई तिला दहा मिनिटांत जे सांगते, ते आमच्यासारखीला चार दिवसांत समजत नाही. "कशामुळे" हा प्रश्न रुग्णाच्या भाषेत विचारता आला, तरच त्याचे खरे उत्तर मिळते.

तिसरी. आपापल्या मंडळीत या लोकांविषयी बोलताना आपणही शब्द जपून वापरूया. "बिचारे अडाणी" असे म्हणून आपण देणगी गोळा करू शकतो, पण त्या शब्दांनी आपलेच डोळे झाकले जातात. ज्या आईला आपण अडाणी म्हणतो, ती पाच कोस चालून, पाठीला बाळ बांधून, पहिल्या पावसात आमच्या दारात आलेली असते. तिच्यात तयारी आहे. ती टिपून घ्यायला आपण शिकायचे आहे.

येत्या पावसाळ्यात वॉर्ड पुन्हा भरेल. खाटा कमी पडतील, काही बाळांना जमिनीवर अंथरूण घालावे लागेल. त्या गर्दीतही आमच्या मुलींना प्रत्येक आईपाशी दहा मिनिटे बसता यावे, म्हणून रात्रपाळीला आणखी एक सिस्टर ठेवण्याचा विचार समितीपुढे आहे. आपण त्याला प्रार्थनेने आणि देणगीने साहाय्य कराल, अशी आशा करते.